शुश्रूषा केंद्रातील रात्रपाळी, नोंदवही आणि आईच्या पाठीवरची जखम : काय विचारावे आणि कोणाला?

मानेवाड्याची लेक

नमस्कार. माझी आई ७६ वर्षांची असून दोन वर्षांपूर्वीच्या पक्षाघाताने तिची उजवी बाजू लुळी पडली आहे. तिला दिवसातून दोनदा इन्सुलिन लागते आणि लघवीसाठी नळी बसवलेली आहे. मी शाळेत नोकरी करते, यजमान फिरतीवर असतात आणि घरी ठेवलेल्या तीन आयाबाई एका वर्षात सोडून गेल्या, म्हणून गेल्या दिवाळीनंतर तिला नागपूरच्या दक्षिण टोकाला असलेल्या एका निवासी शुश्रूषा केंद्रात ठेवले. केंद्राचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कृपया कोणी विचारू नये. एका मोठ्या दुमजली बंगल्याचेच केंद्र केलेले आहे; तेथे ३४ रहिवासी असून त्यांतील १२ जण पूर्णपणे अंथरुणाला खिळलेले आहेत. महिन्याला २८ हजार रुपये द्यावे लागतात, औषधे आणि डायपर वेगळे.

पहिले काही महिने तक्रारीला जागा नव्हती. तेथे एक वयस्क मेट्रन होत्या. कोणाला दही चालत नाही आणि कोणाला कवळी काढल्याशिवाय झोप लागत नाही, हे त्यांना तोंडपाठ होते. एप्रिलमध्ये त्या गेल्या, त्यांच्या जागी आलेल्या सिस्टर तीन आठवड्यांत गेल्या, आणि आता सगळा कारभार संचालकांचा भाचा फोनवरून पाहतो. दिवसा एक सिस्टर आणि चार अटेंडंट असतात. रात्री फक्त दोन अटेंडंट, सिस्टर नाही, डॉक्टर बोलावल्यावर येतात.

गेल्या दोन महिन्यांत तीन गोष्टी घडल्या. आईच्या माकडहाडावर रुपयाएवढी जखम झाली, आणि ती मला कोणी सांगितली नाही, डायपर बदलताना माझ्याच नजरेस पडली. एके दिवशी इन्सुलिन दिल्यावर जेवण पाऊण तास उशिरा आले आणि तिची साखर ५४ पर्यंत उतरली. शेजारच्या खाटेवरील आजी रात्री शौचालयात जाताना पडल्या, त्या सकाळच्या चहाच्या वेळी सापडल्या, आणि नोंदवहीत त्याबद्दल एक अक्षरही नाही. कूस बदलल्याची नोंदवही मात्र अगदी चोख आहे: दर दोन तासांनी बरोबरची खूण. मी एका शनिवारी दुपारी अडीच वाजता गेले, तेव्हा दुपारी चारच्या रकान्यातही खूण झालेली होती.

किती माणसे असणे योग्य मानावे, याला कायद्याचा काही आधार आहे का, आणि आई त्यांच्याच हाती असताना तक्रार करणे कितपत शहाणपणाचे, हे मला कळेनासे झाले आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त परिचारिका

ताई, मी शासकीय रुग्णालयात ३१ वर्षे काम केले, त्यांतील शेवटची नऊ वर्षे वॉर्डची इन्चार्ज सिस्टर म्हणून. चारचा रकाना अडीच वाजता भरलेला असणे, हे तुमच्या पत्रातील सर्वांत गंभीर वाक्य आहे, जखमेपेक्षाही. जखम दुर्लक्षाने होते, तशी ती पुरेशी काळजी घेऊनही क्वचित होते. परंतु जेथे काम होण्याआधीच त्याची नोंद होते, तेथे उद्या आईला ताप आला तरी तो कागदावर ९८.६ असाच दिसेल.

आता जखमेविषयी. माकडहाड, नितंबांच्या बाजू, टाचा, घोटे आणि खांद्याचे हाड ही जागा रोज एकदा उजेडात पाहायला हवी. बेडसोअरची, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात लालसर डागाने होते आणि तो बोटाने दाबल्यावर पांढरा पडत नाही, असे पुस्तकात असते. परंतु आपल्याकडील सावळ्या त्वचेवर लाली दिसतेच असे नाही, म्हणून हाताच्या मागच्या बाजूने ती जागा भोवतालापेक्षा गरम, कडक किंवा मऊसर लागते का, हे चाचपून पाहावे. लालसर जागेवर जोराने मालीश करू नये, आत आधीच दुखावलेला भाग त्याने अधिक दुखावतो. टाचांखाली उशी न ठेवता पोटऱ्यांखाली ठेवावी, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. हवेची गादी आणली की कूस बदलण्याची गरज उरत नाही, हा समज तुमच्या केंद्रातही असेल. तो चुकीचा आहे. तुमच्या आईची साखर वर-खाली होत असल्यामुळे जखम भरायला वेळ लागेल, आणि आतून वास येऊ लागला किंवा कडा काळ्या पडल्या, तर केंद्राच्या डॉक्टरांची वाट न पाहता तिला थेट मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील) किंवा तुमच्या नेहमीच्या सर्जनकडे न्यावे.

माणसे किती हवीत, याचे उत्तर प्रमाणात न शोधता कामाच्या हिशेबात शोधावे. बारा जण अंथरुणाला खिळलेले आहेत. रात्री आठ ते सकाळी आठ या वेळेत दर दोन तासांनी कूस बदलायची म्हटली, तर प्रत्येकाची सहा वेळा, म्हणजे एकूण ७२ वेळा. डायपर पाहणे, चादर सरळ करणे आणि उश्या लावणे धरून एका वेळेस पाच मिनिटे लागतात, असे अगदी हात आखडून मानले तरी ३६० मिनिटे होतात, आणि हे काम एकटीने करायचे नसते. ओढून सरकवले की चादरीच्या घर्षणानेच कातडी सोलवटते. म्हणजे दोन्ही अटेंडंट बारांपैकी सहा तास केवळ या बारा जणांपाशी हव्यात. तेवढ्या वेळात उरलेल्या २२ जणांपैकी कोणी शौचालयास उठले, तर ज्या मजल्यावर त्या दोघी नाहीत, तेथे ऐकणारे कोणीही नसते. तुमच्या शेजारच्या आजींच्या पडण्यामागे हेच गणित असावे.

सिस्टरचेही तसेच. एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायची, तर आठवड्याच्या २१ पाळ्या होतात; एक व्यक्ती सहा करते, म्हणजे साडेतीन व्यक्ती लागतात, आणि रजा, आजारपण व बाळंतपण धरले की चारांहून कमी चालत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या रुग्णालयांसाठीच्या निकषांतही रजेपोटी ३० टक्के अधिक माणसे धरलेली आहेत. त्यामुळे ‘आमच्याकडे किती सिस्टर आहेत’ या आकड्यावर समाधान मानू नये. गेल्या पंधरा दिवसांचे ड्यूटी लिस्ट मागावे, आणि त्यात तेच नाव सलग दिवसा व रात्री दिसते का, हे पाहावे. सिस्टर ए.एन.एम. (सहायक परिचारिका) आहेत की जी.एन.एम. (परिचर्येची पूर्ण पदविका घेतलेल्या), त्यांची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी आहे का, आणि रात्रीचे इन्सुलिन नक्की कोणाच्या हातून दिले जाते, हेही विचारावे. अटेंडंट मुली कष्टाळू असतात. परंतु इन्सुलिनची मात्रा हे त्यांचे काम नव्हे.

शक्य झाल्यास एकदा रात्री साडेअकराला न कळवता जाऊन या.

छोटे केंद्र चालवणारा

सिस्टरांच्या गणिताशी मी सहमत आहे. दुसऱ्या बाजूचे थोडे लिहितो. मी गेली अकरा वर्षे १८ खाटांचे केंद्र चालवतो.

आमच्याकडील बहुतेक अटेंडंट भंडारा, गोंदिया, बालाघाट आणि छिंदवाडा या भागांतून एजन्सीमार्फत येतात. एजन्सी आपला वाटा कापते, मुलीच्या हाती जे उरते त्यात तिने बारा तास उभे राहावे अशी अपेक्षा असते, आणि जुलैमध्ये धानाची रोवणी लागली की आमची निम्मी माणसे गावी जातात. यात आश्चर्य कसलेच नाही, दरवर्षी हेच होते. तरीही दरवर्षी जुलै उजाडला की आमच्यातले अर्धे संचालक ‘अचानक माणसे गेली’ असे कुटुंबीयांना सांगतात. मी स्वतः पहिली चार वर्षे हेच सांगत होतो. आता मे महिन्यातच जूनअखेर ते ऑगस्टसाठी तीन जादा माणसे ठरवून ठेवतो आणि त्या काळात अंथरुणाला खिळलेला नवीन रुग्ण घेत नाही. रिकामी खाट डोळ्यांना खुपते खरी.

नोंदवहीबद्दल मला माझी स्वतःची चूक सांगायला हवी. सुरुवातीला कोणी रहिवासी पडला की मी त्या पाळीच्या अटेंडंटचा एक दिवसाचा पगार कापत असे. काही महिन्यांत पडण्याच्या घटना जवळजवळ थांबल्या आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. पुढे एका आजोबांच्या मुलाने मांडीवरचा काळानिळा डाग दाखवून ‘हे कधी झाले?’ असे विचारले, तेव्हा लक्षात आले की आजोबा पडायचे थांबले नव्हते, मुली मला सांगायच्या थांबल्या होत्या. त्यानंतर नियम उलटा केला: पडल्याचे त्याच तासात सांगणाऱ्याचा एक पैसाही कापायचा नाही, लपवल्याचे आढळले तर मात्र माफी नाही. पहिल्या महिन्यात आकडा इतका वाढला की माझी पत्नी घाबरून गेली. परंतु त्या नोंदी समोर मांडल्या, तेव्हा दिसले की निम्म्याहून अधिक जण पहाटे चार ते सहाच्या दरम्यान, शौचालयाच्या वाटेवर पडत होते. साडेतीनला प्रत्येकाला विचारून नेऊन आणण्याची फेरी सुरू केली, दोन दिवे लावले, एका आजोबांची झोपेची गोळी त्यांच्या डॉक्टरांनी कमी केली. यासाठी खर्च जवळजवळ काहीच आला नाही.

म्हणून ताई, तुमच्या केंद्रातील ती भरलेली चारची खूण मला त्या मुलीच्या आळसापेक्षा वरच्या माणसाविषयी अधिक सांगते. कोणीतरी तिला कोरा रकाना दिसला म्हणून ओरडलेले असणार. मेट्रन गेल्या आणि त्यांच्या जागी फोन आला, तर फोनला फक्त खुणा दिसतात.

इन्सुलिनचा प्रश्न आम्ही असा सोडवला की ताट खाटेजवळ आल्याशिवाय सिस्टरने इन्सुलिनचे पेन हाती घ्यायचेच नाही. स्वयंपाकीणबाईंना आधी राग आला, मग सवय झाली.

आणि एक अप्रिय गोष्ट. रात्रीची सिस्टर ठेवायची, तर चोवीस तासांसाठी चार सिस्टर लागतात. माझ्याकडे प्रत्येकीला १८ हजार, म्हणजे ७२ हजार, १८ खाटांवर वाटले की डोईवर ४ हजार. तेवढे शुल्क वाढवले, तेव्हा तीन कुटुंबे आपल्या माणसाला घेऊन स्वस्त जागी गेली. तुमच्या केंद्रात ३४ जण आहेत, तेथे हाच खर्च डोईवर २,१०० च्या आसपास येईल. तो द्यायची तुमची आणि इतरांची तयारी आहे का, हे संचालकांशी बोलण्यापूर्वी ठरवून जावे.

मानेवाड्याची लेक

दोघांचेही मनापासून आभार. २,१०० चा आकडा वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते, कारण तेवढे मी देऊ शकते आणि आजवर मला ते कोणी मागितलेच नव्हते. एक गोष्ट आधी लिहायची राहिली: आईचा डावा हात दोनदा ओढणीने खाटेच्या कठड्याला बांधलेला दिसला. ‘नळी ओढतात, आणि रात्री बघायला माणूस नसतो’ असे कारण दिले गेले. हे चालते का?

वकील, सिव्हिल लाइन्स

बांधण्यापासूनच सुरुवात करतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ९७ मध्ये असे स्पष्ट म्हटले आहे की शारीरिक निर्बंध शिक्षा म्हणून वापरता येणार नाहीत, आणि केवळ कर्मचारी अपुरे आहेत या कारणासाठीही वापरता येणार नाहीत. हे कलम मानसिक आरोग्य आस्थापनांना लागू आहे, त्यामुळे तुमच्या केंद्रावर ते थेट बसेल असे मी म्हणणार नाही. परंतु ‘माणूस नव्हता म्हणून बांधले’ हे कारण मनोरुग्णालयातही चालत नसेल, तर पक्षाघात झालेल्या वृद्धेच्या बाबतीत ते कसे चालेल, असे लेखी विचारण्यास तो उत्तम आधार आहे.

नोंदणीबाबत बऱ्याच केंद्रांचा पवित्रा असा असतो की आम्ही वृद्धाश्रम आहोत, रुग्णालय नाही. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम १९४९ चा असून, आजारी, जखमी किंवा दुर्बल व्यक्तींना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार व शुश्रूषा केली जाते अशी जागा, ही त्यातील शुश्रूषागृहाची व्याख्या आहे. इन्सुलिन, लघवीची नळी आणि जखमेचे ड्रेसिंग करणाऱ्या केंद्राने ‘आम्ही केवळ निवास देतो’ असे म्हणणे माझ्या मते टिकणारे नाही. नोंदणी प्रमाणपत्र ठळक जागी लावणे बंधनकारक आहे, तेव्हा पुढच्या भेटीत भिंतीकडे पाहा. महापालिका हद्दीत हे काम महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे असते. हद्दीबाहेर जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेकडे. शहराला लागून असलेल्या बेसा परिसरातील पत्त्यांच्या बाबतीत हद्द आधी तपासावी, अन्यथा अर्ज दोन कार्यालयांत फिरत राहतो.

माता-पिता व ज्येष्ठ नागरिकांचे पालनपोषण व कल्याण अधिनियम, २००७ याचे नाव सगळे घेतात, परंतु तो प्रामुख्याने मुलांकडून मिळणाऱ्या निर्वाहाविषयी आहे. निराधार ज्येष्ठांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० जणांची सोय असलेले वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद त्यात आहे. खाजगी केंद्रांच्या दर्जावर देखरेख ठेवण्याची स्वतंत्र व्यवस्था त्यात नाही. २०१९ च्या डिसेंबरमध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात केंद्रांच्या नोंदणीची तरतूद होती, पण त्याचा कायदा झाला नाही. ही पोकळी असल्यामुळे तुमचा प्रवेशाच्या वेळचा करार आणि शुल्काच्या पावत्या महत्त्वाच्या आहेत. पैसे घेऊन दिलेली ही सेवा असल्याने ग्राहक आयोगाचा मार्ग खुला राहतो. समुपदेशन व मार्गदर्शनासाठी ज्येष्ठांची १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे.

आता जे तुम्ही विचारलेले नाही, ते. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील आगीत दहा नवजात बालके दगावली, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या नागपूरजवळच्या वाडी येथील एका खाजगी कोविड रुग्णालयाला आग लागून रुग्णांचा मृत्यू झाला. ज्यांना स्वतः उठून पळता येत नाही, अशा माणसांच्या इमारतीत धूर हाच पहिला शत्रू असतो. राष्ट्रीय इमारत संहितेत वृद्ध व दुर्बलांची निवासगृहे संस्थात्मक इमारतींच्या वर्गात मोडतात, आणि राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत सादर करावे लागते. जुलै नुकताच सरला आहे, तेव्हा ते दाखवा असे सहज म्हणता येईल. त्याहून सोपा प्रश्न असा: रात्री चॅनल गेटला कुलूप असते का, आणि किल्ली कोणाच्या कमरेला असते?

पेन्शनर काका

बाकीच्यांनी पुष्कळ लिहिले आहे, मी थोडक्यात लिहितो. माझी पत्नी तीन वर्षे अशा केंद्रात होती. रागाच्या भरात एकदा तिला हलवले, नव्या जागी ती पंधरा दिवस मला ओळखेना, आणि तेथेही रात्री माणसे दोनच होती. म्हणून हलवण्याची घाई करू नये. पुढे आम्ही सात कुटुंबांनी वार वाटून घेतले. ज्याचा वार असेल त्याने आपल्या माणसासोबत इतर सहा जणांच्याही टाचा आणि पाण्याचे भांडे पाहायचे. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या, दिवसांत याचा फार उपयोग झाला, कारण पारा ४५ च्या वर गेला की म्हाताऱ्या माणसाला तहान लागल्याचे कळतच नाही, लघवी गडद झाली की समजावे. नळी असेल तर पिशवीतच रंग दिसतो. कूलरची वायर आणि खालचे साचलेले पाणी हेही पाहावे, खाट लोखंडी असते.

एकट्याने तक्रार केली की ‘तुमची आई’ होते. सात जणांनी केली की ती बैठक होते.

मानेवाड्याची लेक

तीन आठवड्यांनी लिहीत आहे, विलंबाबद्दल क्षमस्व.

सिस्टरांनी सांगितल्याप्रमाणे एका गुरुवारी रात्री साडेअकराला गेले. पाऊस होता. चॅनल गेटला कुलूप होते आणि किल्ली सापडायला सहा मिनिटे लागली. मी घड्याळ लावून उभी होते. आत एकच अटेंडंट जागी होती. दुसरी वरच्या मजल्याच्या पायरीवर भिंतीला टेकून झोपलेली होती. तिला खडसवायचे ठरवूनच मी पायऱ्या चढले, परंतु जागी असलेल्या मुलीने हलक्या आवाजात सांगितले की तिची जोडीदारीण रोवणीसाठी गावी गेल्यामुळे ती आदल्या दिवशी सकाळपासून उभी आहे, आणि ही तिची सलग चौथी पाळी आहे. मी तिला उठवले नाही. त्या रात्री बारा वाजताची आईची कूस त्या मुलीने आणि मी मिळून बदलली. पाच मिनिटांत होत नाही, सिस्टर, आम्हाला नऊ लागली.

संचालकांना भेटायला आम्ही पाच कुटुंबे गेलो. भाच्याला बाजूला ठेवून स्वतः संचालकांशीच बोलायचे, हा आग्रह धरला. ते प्रथम रागावले, ‘इतर केंद्रे जाऊन बघा’ असे म्हणाले, आणि सलग चार पाळ्यांचे ड्यूटी लिस्ट त्यांच्यापुढे ठेवल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटते, ते त्यांनी स्वतःही पहिल्यांदाच पाहिले असावे. डोईवर दोन हजार रुपये वाढवून रात्रीची सिस्टर आणि तिसरी अटेंडंट ठेवण्याचे ठरले आहे. सिस्टर रुजू झाल्या, तिसरी अजून आलेली नाही. शुश्रूषागृहाची नोंदणी नव्हतीच. अर्ज केला असे सांगतात, पोचपावती अजून पाहायची आहे. अग्निशमनाच्या कागदाबद्दलही अजून टोलवाटोलवीच चालू आहे, आणि ते पत्र वकीलसाहेबांच्या सल्ल्याने मी लेखीच देणार आहे. किल्ली आता गेटजवळच्या काचेच्या पेटीत असते. आईला खालच्या मजल्यावर आणले आहे, हात बांधलेला पुन्हा दिसला नाही, आणि जखमेच्या कडा गुलाबी झाल्या आहेत.

नोंदवही दोघा-तिघांनी विचारली म्हणून सांगते. काल दुपारी पुन्हा अडीच वाजता गेले होते. चारचा रकाना कोरा होता, आणि बाराच्या रकान्यात खुणेऐवजी ‘उशीर, १२.५०’ असे लिहिलेले होते.